चौरस फुटाला दहा बोलोन्यिनी: इटलीतल्या एका अभ्यास-सहलीचा हिशेब

पैसे भरून झाल्यावर वन्संनी विचारलं, “वहिनी, फेरारा म्हणजे ती लाल गाडी ना?” गाडी फेरारी आणि गाव फेरारा, हे मलाही पत्रक वाचूनच कळलं होतं, पण मी तसं दाखवलं नाही. उत्तर आणि मध्य इटलीतल्या तीन गावांत नऊ दिवस, चौदा माणसं, सोबत कलेचा इतिहास शिकवणाऱ्या एक इटालियन बाई, आणि पत्रकावर ठळक अक्षरांत ‘रेनेसाँची चित्रं, इतिहास आणि त्या त्या प्रांताचं जेवण’. माणशी २,८५० युरो, विमानाचं तिकीट वेगळं. कंपनीचं नाव इथे लिहीत नाही. आमचा एक माणशी ४५ युरोंचा वाद अजून मिटायचाय आणि नाव न घेता जरा मोकळं लिहिता येतं.

मी बँकेतून निवृत्त झाले. शेवटची बारा वर्षं तपासणी खात्यात होते, म्हणजे दुसऱ्याच्या वह्यांत नाक खुपसायचा मला पगार मिळायचा. चित्रातलं मला काही कळत नाही. वन्सं म्हणजे माझ्या नवऱ्याची धाकटी बहीण. त्या शाकाहारी (अंडं चालतं), हौसेने पत्रिका बघतात, आणि आपल्याला चित्रातलं कळतं असा त्यांचा समज आहे. या सहलीचा अभिप्राय लिहायचा तर आम्हा दोघींचा मिळून लिहावा लागेल, कारण ज्या दोन गोष्टींसाठी पैसे वसूल झाले त्यातली एक त्यांच्या खात्यातली आणि एक माझ्या.

दोन्ही एकाच खोलीत सापडल्या. फेराराला स्किफानोया नावाचा वाडा आहे. त्या नावाचा अर्थच ‘कंटाळा टाळायची जागा’. फेरारावर राज्य करणाऱ्या एस्ते घराण्याने १३८५च्या सुमारास शहराच्या कडेला मौजमजेसाठी बांधला. बाहेरून बघाल तर सपाट विटांची भिंत, संगमरवरी दरवाजा सोडला तर थांबावंसं वाटायचं कारण नाही. आत वरच्या मजल्यावर ‘महिन्यांचं दालन’. बोर्सो दे एस्ते हा त्या वेळचा धनी. १४६९-७०च्या सुमारास त्याने या दालनाच्या चारी भिंतींवर वर्षाचे बारा महिने रंगवून घेतले. पुढे वाड्याचे दिवस फिरले, तिथे तंबाखूचा कारखाना निघाला, चित्रांवर चुना फासला गेला. एकोणिसाव्या शतकात चुना खरवडला तेव्हा निम्मी चित्रं हाती लागली. आज मार्च ते सप्टेंबर बऱ्यापैकी दिसतात, बाकीच्या भिंतीवर ओरखडे आणि अंदाज.

इथे आमच्या बाईंनी जे केलं त्यासाठी मी त्यांना पाचात पाच देते. चौदाही जणांना त्यांनी एकाच भिंतीसमोर, पूर्वेकडच्या, पाऊण तास उभं केलं. मार्च, एप्रिल, मे. प्रत्येक महिन्याचे तीन मजले. वर देवाचा रथ, खाली बोर्सोचा दरबार आणि शेतीची कामं, आणि मधल्या गडद निळ्या पट्ट्यात राशी आणि तिच्याभोवती तीन विचित्र माणसं. मार्चच्या पट्ट्यात मेष रास, म्हणजे मेंढा, आणि त्याच्या शेजारी एक काळा माणूस. अंगावर फाटकं पांढरं वस्त्र, कमरेला दोरी, दोरीचं टोक हातात. चेहरा असा की वसुलीला आलाय.

“हा कोण?” बाईंनी विचारलं. कुणी बोलेना. मग त्या म्हणाल्या की चारशे वर्षं हे कुणालाच माहीत नव्हतं. १९१२ साली आबी वारबुर्ग नावाच्या जर्मन अभ्यासकाने रोमच्या परिषदेत सांगितलं की ही तीन-तीन माणसं म्हणजे राशीचे तीन भाग, दहा-दहा अंशांचे. आणि हा काळा माणूस मूळचा भारतातल्या एका सहाव्या शतकातल्या ज्योतिषग्रंथातला. नाव घेताना त्या थोड्या अडखळल्या. “वरा... हामिहिरा.”

वन्संनी माझं मनगट इतक्या जोरात धरलं की घड्याळ रुतलं. “वहिनी, द्रेष्काण! मेषेचा पहिला द्रेष्काण!”

मग काय विचारता. पुढची दहा मिनिटं बाई गप्प आणि वन्सं सुरू. वराहमिहिराच्या बृहज्जातकात मेषेच्या पहिल्या द्रेष्काणाचं रूपच दिलंय म्हणाल्या: काळा, लाल डोळ्यांचा, कमरेला पांढरं वस्त्र, हातात उगारलेली कुऱ्हाड. मग कुऱ्हाड गेली कुठे? ते बाईंनी जोडून दिलं. वराहमिहिराची वर्णनं नवव्या शतकात बगदादच्या अबू माशरने आपल्या ग्रंथात घेतली, तिथून ती लॅटिनमध्ये उतरली, आणि शेवटी फेराराच्या दरबारातल्या पेल्लेग्रिनो प्रिशानी या पंडिताकडे आली, ज्याने या भिंतींचा आराखडा आखून दिला असं मानतात. वाटेत कुऱ्हाड गळली आणि कमरेची दोरी आली. इतक्या हातांतून गेलेल्या कागदात एकच नोंद चुकली, तर माझ्या मते लेखनिक बरे होते. द्रेष्काण हा शब्दच मुळात ग्रीक ‘डेकान’वरून आपल्याकडे आला, हे मी रात्री वाचून वन्संना सांगितलं. त्यांना ते फारसं रुचलं नाही. “म्हणजे माल त्यांचा, पण घडणावळ आपली,” असं म्हणून त्या झोपल्या.

माझी गोष्ट त्याच भिंतीच्या खालच्या मजल्यावर. एप्रिलच्या चित्रात बोर्सो हसतमुखाने आपल्या विदूषकाच्या हातावर नाणं ठेवतोय. स्कोकोला त्या विदूषकाचं नाव. बाईंनी ते नाणं दाखवलं आणि पिशवीतून एका पत्राचा छापील तर्जुमा काढून सगळ्यांना वाटला. या भिंतीचा चित्रकार फ्रान्चेस्को देल कोस्सा. २५ मार्च १४७० रोजी त्याने बोर्सोला लिहिलेलं पत्र. तक्रार अशी की दालनातल्या सगळ्या चित्रकारांना सरसकट एकच दर लावलाय, चौरस फुटाला दहा बोलोन्यिनी, म्हणजे त्या वेळची नाणी. मी नाव कमावलेला माणूस, हे तीन पट्टे मी एकट्याने केलेत, आणि मला फेरारातल्या अगदी टुकार उमेदवाराच्या रांगेत बसवता? बोर्सोने शेरा मारला की ठरलंय त्यात समाधान मानावं. पदरी पडलं पवित्र झालं. कोस्सा उठला आणि बोलोन्याला निघून गेला.

मी ते पत्र दोनदा वाचलं आणि मग पुन्हा भिंतीकडे बघितलं. नोकरीत असे किती अर्ज माझ्या टेबलावरून गेले असतील. ‘नियमानुसार’ असा शेरा मारून मीही फायली खाली पाठवल्यात. आणि इथे पाचशेपन्नास वर्षांनी भिंतीवर विदूषकाला रोख मिळतेय आणि चित्रकाराला चौरस फुटाने. त्या क्षणापासून मला चित्रं कळायला लागली असं म्हणणार नाही, पण कुठल्याही चित्रापुढे उभं राहिल्यावर काय विचारायचं ते मला कळलं. कुणी सांगितलं, काय दर ठरला, रंग कुणाच्या खर्चाने?

फेराराचं बाकी थोडक्यात. खंदकातला किल्ला बघा, आत फार वेळ घालवू नका. शहराच्या तटावरून सायकल चालवा. नऊ किलोमीटरची भिंत आहे, वरती झाडं, आणि सगळं गाव सायकलवर असल्यामुळे साठीच्या बायका सायकलवर दिसल्या तर कुणी वळून बघत नाही. वन्सं चाळीस वर्षांनी सायकलवर बसल्या. एकदाच पडल्या, तेही उतरताना.

जेवणाबद्दल मात्र कंपनीचे कान धरायला हवेत. अर्जात ‘शाकाहारी’ या चौकटीवर आम्ही बरोबर खूण केली होती. पहिल्या रात्री फेरारातल्या एका खानावळीत वन्संपुढे काप्पेलाच्ची आली, लाल भोपळ्याचं सारण भरलेले पास्त्याचे मोदकच म्हणा, वरून खिम्याचा रस्सा. परत पाठवली. दुसऱ्यांदा रस्सा चमच्याने बाजूला सारून तीच बशी आली. तिसऱ्यांदा लोणी आणि सेजची पानं घालून आली आणि ती इतकी सुरेख होती की भांडण अर्ध्यावर सोडावं लागलं. दुसऱ्या रात्री सूप. भाज्या दिसत होत्या, पण पाणी मांसाचं. इटलीत ‘मांस नको’ म्हटलं की तुकडे जातात, रस्सा तिथेच राहतो. ‘सेन्झा कार्ने’ एवढ्यावर थांबू नका, ‘सेन्झा ब्रोदो’ही म्हणा.

आणि पाव. फेराराचा ‘कोप्पिया’ पाव बघायला फार देखणा, चार शिंगं पिळून एकत्र बांधल्यासारखा, बाहेरून कुरकुरीत. दोन दिवस न्याहारीला वन्संनी तोच खाल्ला. तिसऱ्या दिवशी एका बेकरीत मी घटकांची पाटी वाचली. सवय जात नाही. त्यात ‘स्ट्रुत्तो’ असा शब्द. बाईंना विचारलं तर डुकराची चरबी. त्या पावाच्या ठरलेल्या कृतीतच ती असते, बेकरीवाल्याची काही लबाडी नाही. पण शाकाहारी म्हणून पैसे घेतलेल्या माणसाला हे कंपनीने पहिल्या सकाळी सांगायला नको? सहलीचा व्यवस्थापक, एक हसरा तरुण, म्हणाला, “पण तो तर पाव आहे!” यावर काय बोलणार.

सोमवारी सकाळी बसने मांतोवा. आता मूळ तक्रार.

मांतोवाला जायचं मुख्य कारण म्हणजे तिथल्या राजवाड्यातली आंद्रेआ मांतेन्याने रंगवलेली खोली. पत्रकाच्या मुखपृष्ठावर तिचंच चित्र. आम्ही सव्वाअकराला दारात उतरलो आणि दार बंद. सोमवार! इटलीत बरीचशी सरकारी संग्रहालयं सोमवारी बंद असतात हे कुठल्याही प्रवासाच्या पुस्तकात पहिल्या पानावर असतं. स्वतःला अभ्यास-सहल म्हणवणाऱ्या कंपनीला ते माहीत नसावं? व्यवस्थापक फोन कानाला लावून चौकात गोल गोल फिरत होता. बाई काही बोलल्या नाहीत, फक्त त्यांनी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा घातला. वेळापत्रक त्यांनी आखलेलं नव्हतं हे नंतर कळलं.

दिवस त्यांनीच वाचवला. आम्हाला संत आंद्रेआच्या चर्चमध्ये नेलं, आल्बेर्ती या वास्तुविशारदाच्या आराखड्याने १४७२ साली सुरू झालेलं. दर्शनी भाग रोमन विजयकमानीसारखा आणि आत एकच एक प्रचंड कमानदार छत, मध्ये खांब नाहीत. डावीकडच्या पहिल्या कोनाड्यात मांतेन्याची समाधी. त्याचा ब्रॉन्झचा अर्धपुतळा आहे, कपाळाला आठ्या, ओठ घट्ट. “यांचे पगाराचे कागद उद्या दाखवते,” बाई मला म्हणाल्या. माझी नस त्यांना सापडली होती. मग आम्ही तळ्याकाठी जाऊन बसलो. मांतोवाला तीन बाजूंनी मिन्चो नदीची तळी आहेत आणि त्यात कमळं आहेत, आपलीच, आशियातली, गेल्या शतकात कुणीतरी आणून लावलेली. सप्टेंबर सरत आल्यामुळे फुलं नव्हती, पण परातीएवढी पानं आणि झारीच्या तोंडासारखी वाळलेली बोंडं होती. वन्संनी लगेच भे आठवली. इथले लोक कमळाचं मूळ फारसं खात नाहीत हे ऐकून त्यांना वाईट वाटलं.

राजवाडा मग मंगळवारी सकाळी झाला. खोलीत थोड्या लोकांना थोडाच वेळ सोडतात. १४६५ ते १४७४, म्हणजे नऊ वर्षं मांतेन्या या एका खोलीवर होता. मांतोवाचा सत्ताधीश लुदोविको गोंझागा हातात पत्र घेऊन बसलाय, मान वळवून कारकुनाच्या कानात काहीतरी सांगतोय, खुर्चीखाली म्हातारा कुत्रा झोपलाय, आणि बायको बार्बारा शेजारी, जाड, शहाणी, सुंदर दिसायची कसलीही धडपड नसलेली. मला ती फार आवडली. वर छताला गोल भोक आणि त्यातून निळं आकाश. कठड्यावरून बायका आणि बाळं खाली वाकून हसतायत, आणि एक जड कुंडी एका काठीवर टेकवलेली. काठी सरकवली तर कुंडी थेट आपल्या डोक्यात. सगळं रंगवलेलं, छत जवळजवळ सपाटच. खोलीतले सगळेच जण नकळत त्या कुंडीखालून बाजूला सरकून उभे होते. मीसुद्धा.

बाहेर आल्यावर बाईंनी कागद काढला. १४५८ साली लुदोविकोने मांतेन्याला देऊ केलेल्या अटी: महिन्याला पंधरा डुकाट (सोन्याची नाणी), राहायला घर, सहा माणसांना पुरेल इतकं धान्य आणि जळण. फेराराचा चित्रकार फुटावर आणि मांतोवाचा महिन्यावर! कोस्सा तीन भिंतपट्टे करून निघून गेला आणि मांतेन्या १५०६ साली मरेपर्यंत याच घराण्याच्या पदरी राहिला. पगार वेळेवर मिळायचा असं मात्र समजू नका, थकबाकीची रडगाणी त्याच्याही पत्रांत आहेत. पण पायाखाली घर आणि चुलीला जळण असलं की माणूस एका कुत्र्याच्या डुलकीवर वेळ घालवू शकतो. हे माझं मत, बाईंचं नव्हे.

पण मंगळवारची ती सकाळ मुळात दुसऱ्या कामाची होती. पो नदीच्या दक्षिणेला पार्मिज्यानो रेज्यानो चीज करणारी डेअरी बघायला जायचं होतं. राजवाडा तिथे घुसवला आणि डेअरी गेली. “दुपारी जाऊ ना,” मी म्हटलं. तर नाही. हे चीज रोज सकाळीच होतं. आदल्या संध्याकाळचं दूध रात्रभर ठेवून साय काढायची, त्यात सकाळचं ताजं दूध मिसळायचं, तांब्याच्या कढईत तापवायचं. एका चाकाला साधारण साडेपाचशे लिटर दूध लागतं आणि चाक भरतं चाळीस किलोच्या आसपास. दुपारी गेलात तर घासून पालथ्या घातलेल्या कढया बघायच्या. पत्रकात या भेटीची किंमत माणशी ४५ युरो अशी वेगळी दाखवली होती. ती मी मागितली. त्याचं पुढे काय झालं ते सांगतेच.

दुपारी ‘पालात्सो ते’ नावाचा वाडा. इथे ज्युलिओ रोमानोने एक अख्खं दालन जमिनीपासून छतापर्यंत कोसळत्या राक्षसांनी भरून टाकलंय. वन्संना आवडलं. मला वाटलं, एवढा आरडाओरडा कशाला. अर्ध्या तासात बाहेर.

संध्याकाळचा स्वयंपाकाचा वर्ग हा सहलीतला दुसरा पाचात पाच. गावाबाहेरच्या एका घरात, सत्तरीच्या एका आजींकडे. शंभर ग्रॅम मैद्याला एक अंडं, पाणी नाही. मळलेला गोळा झाकून ठेवायचा आणि मग हातभर लांब लाटण्याने लाटायचा, मधून नाही, कडेकडेने, लाटण्यावर गुंडाळत आणि सोडत. आजींची पोळी टेबलाबाहेर लोंबायला लागली तरी फाटेना. माझी चपातीची सवय इथे आड आली. मी सारखी मधून दाब देत होते आणि त्या सारख्या माझ्या मनगटावर चापट मारत होत्या. सारण लाल भोपळ्याचं: भट्टीत भाजून अगदी कोरडा केलेला भोपळा, कडू बदामाची अमारेत्ती बिस्किटं चुरून, जायफळ, चीज, आणि ‘मोस्तार्दा’, म्हणजे साखरेच्या पाकातली फळं ज्यात मोहरीचा अर्क असतो. चमचाभर नुसती चाखली तर आधी मुरांबा आणि दुसऱ्या क्षणाला नाकात झणका. गोड, खारट, तिखट सगळं एका घासात. चौदांपैकी निम्म्यांना हे जेवणात गोड का, असा प्रश्न पडला होता. आम्हा दोघींना पडला नाही.

इथेच वन्संनी विचारलं की चीज कशाने लावतात. आजींनी स्वतःच्या पोटावर हात ठेवला आणि वासरासारखा आवाज काढला. दुभाष्याची गरज पडली नाही. पार्मिज्यानो आणि ग्राना पादानो दोन्हींत दूध साकळायला वासराच्या पोटातलं रेनेट घालतात. वन्सं क्षणभर थांबल्या. मग म्हणाल्या, “कालपर्यंत खाल्लं ते अजाणता. आता जाणून नाही.” आजींना हे समजलं, आमच्या व्यवस्थापकाला पाच दिवसांत समजलं नव्हतं ते. त्यांनी न बोलता वाडगं वेगळं केलं, चीजऐवजी अमारेत्ती जास्त घातली, आणि वन्संच्या तोर्तेल्लींना, म्हणजे त्या भरलेल्या पास्त्यांना, ओळखायला कडेला एक जादा चिमटा काढला. शेवटी स्ब्रिझोलोना, मक्याचं पीठ आणि बदामाचा भरभरीत केक, जो सुरीने कापायचा नाही, मुठीने फोडायचा. यातही जुन्या रीतीने डुकराची चरबी असते. आजींनी त्या दिवशी लोण्याचाच केला होता आणि लोण्याचा कागद आणून दाखवला.

आता फ्लॉरेन्स. खरं सांगायचं तर सहल मांतोवालाच संपायला हवी होती, किंवा फ्लॉरेन्सला आठवडा द्यायला हवा होता. तीन रात्रींत कंपनीने सगळं कोंबलं. शुक्रवारी सकाळी अकादेमिया आणि दुपारी उफित्सी, एका दिवसात दोन संग्रहालयं. मायकेलँजेलोचा डेव्हिडचा पुतळा पाच मीटरहून उंच आहे म्हणून लोकांच्या डोक्यांवरून दिसला तरी. बोत्तिचेल्लीच्या व्हीनससमोर मी मोजून चार मिनिटं उभी होते आणि त्यातली तीन एका गृहस्थांच्या पाठीकडे बघत गेली. स्किफानोयाच्या पाऊण तासानंतर हे म्हणजे श्रीखंडावर साखरेचं पाणी. संध्याकाळी वन्संचे पाय बादलीत आणि माझे भिंतीवर.

अपवाद गुरुवारची सकाळ. इन्नोचेंती, म्हणजे टाकून दिलेल्या बाळांचं अनाथालय. रेशीम व्यापाऱ्यांच्या संघाने पैसा दिला, ब्रुनेलेस्की या वास्तुविशारदाने १४१९ साली काम सुरू केलं, आणि १४४५ साली पहिलं बाळ आलं, मुलगी. तिचं नाव आगाता स्मेराल्दा ठेवलं. समोरच्या कमानींवर निळ्या गोलांत कापडात गुंडाळलेली बाळं आहेत, आंद्रेआ देल्ला रोब्बियाची. आत गर्दी नाहीच. एका खोलीत छोटे छोटे खण आहेत, प्रत्येकावर बाळाचं नाव, आणि आत बाळासोबत सोडलेली खूण. बहुतेक अर्धी तोडलेली पदकं. उरलेलं अर्धं आईकडे, म्हणजे कधी परत न्यायला आली तर दोन तुकडे जुळवून बघायचे. मी तीन खण उघडले. चौथा उघडला नाही. वन्सं खाली बाकावर जाऊन बसल्या होत्या.

वरच्या मजल्यावर गिर्लांदायोचं चित्र, बाळ येशूला वंदन करायला आलेले राजे. पुढे गुडघ्यावर दोन लहान मुलं, अंगावर पातळ पांढरे कपडे आणि डोक्यावर जखमा. बायबलमधल्या हेरोद राजाने मारलेली ती निष्पाप बाळं. इथे बाईंनी शेवटचा कागद वाटला. २३ ऑक्टोबर १४८५चा करार. एकूण ११५ फ्लोरिन, रंग आणि सोनं चित्रकाराच्या खर्चाने, मुदत तीस महिने, उशीर झाला तर १५ फ्लोरिन दंड. आणि निळा रंग कोणता वापरायचा तेही लिहून: औंसाला चार फ्लोरिन दराचा. अफगाणिस्तानातल्या बदख्शानहून येणाऱ्या लाजवर्दी दगडाचा निळा. म्हणजे मेरीच्या अंगावरचा झगा हा त्या करारातलं एक कलम आहे. चित्रावर साल १४८८. मी मनात महिने मोजले.

फ्लॉरेन्सच्या जेवणाबद्दल दोन ओळी. तिथला पाव अळणी असतो, पीठ, पाणी आणि आंबवण, मीठ नाहीच. घरापासून तुटलेल्या इथल्या दान्ते या कवीने ‘परक्याचा पाव किती खारट’ म्हटलं ते उगाच नाही. हाच शिळा पाव, पांढरा घेवडा आणि काळपट पानांची कोबी घालून दुसऱ्या दिवशी पुन्हा उकळलेली ‘रिबोल्लिता’ वन्संनी तीनदा खाल्ली. डुकराचं मांस घातलं नाही ना, एवढं विचारून घ्या. मी गाडीवर उभ्याने लाम्प्रेदोत्तो खाल्लं: गाईचं चौथं पोट, टोमॅटो-कांदा-सेलरीच्या पाण्यात शिजवलेलं, पावाचा वरचा अर्धा त्याच रश्शात बुचकळून, हिरवी चटणी लावून. वजडी आवडणाऱ्यांनी सोडू नये. वन्सं तोवर समोरच्या दुकानाच्या खिडकीतले हातमोजे बघत होत्या.

जाणाऱ्यांसाठी आणखी थोडं. हॉटेलात शहराचा कर माणशी दर रात्रीला वेगळा द्यावा लागतो, पत्रकात तो नव्हता. खानावळीच्या बिलात ‘कोपेर्तो’ दिसला तर चिडू नका, ते बसण्याचे आणि पावाचे पैसे, पाव खाल्ला नाही तरी. चर्चमध्ये खांदे झाकलेले हवेत, ओढणी पुरते. आणि कुठलीही कंपनी असो, पैसे भरण्याआधी वेळापत्रकात सोमवारी काय आहे ते बघा.

माझे गुण: बाईंना पाच, मांतोवाच्या आजींना पाच, कंपनीला दोन. त्यातला एक बस वेळेवर यायची म्हणून.

परत आल्यावर डेअरीच्या ९० युरोंसाठी, दोघींचे मिळून, मी कंपनीला सविस्तर पत्र पाठवलं. तारीख, वेळ, बंद दाराचा फोटो, पत्रकातलं पान, सगळं जोडून. तिसऱ्या आठवड्यात उत्तर आलं: डेअरीऐवजी राजवाडा दाखवला गेला असल्याने देय सेवा पूर्ण झाली आहे, आपण समजून घ्याल अशी आशा. राजवाडा तर मूळ पैशांतच होता.

वन्संना वाचून दाखवलं. “बोर्सो,” त्या म्हणाल्या.

दुसरं पत्र काल टाकलंय. सोबत कोस्साच्या पत्राची प्रत जोडलीये.